पाण्याचा एडका : विजेविना, इंधनाविना चालणाऱ्या एका पंपाची गोष्ट

आपल्याकडे शेतीच्या पाण्याचा विषय निघाला की बोलणे फार लवकर विजेवर येते. या आठवड्यात दिवसा वीज आहे की रात्री, डीपी जळली की नाही, ऑटो स्टार्टर नीट चालतो का, हेच प्रश्न. विहिरीत पाणी आहे, पीक उभे आहे आणि तरीही मधल्या दोन-चार परस पाण्यासाठी माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून जातो. साप, विंचू, बिबट्या आणि ओल्या हाताला बसणारा शॉक यांची भीती घेऊन जातो. पाणी खालून वर आणायचे तर वीज हवी, हे आपण इतके गृहीत धरले आहे की पूर्वी कोणी याहून वेगळा विचार केला होता का, असा प्रश्नही आपल्याला पडत नाही.

हा प्रश्न मला सुचला तो यंत्रांच्या इतिहासावरची जुनी पुस्तके चाळताना. मी अभियंता नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. मिळेल ते वाचावे आणि जमेल तिथे हाताने करून पाहावे, ही माझी पद्धत. त्या वाचनात एका पंपाची गाठ पडली. त्याला इंजिन नाही, मोटर नाही, चाक नाही, दट्ट्या नाही. त्यात हलणारे भाग दोनच, आणि दोन्ही साध्या झडपा. वाहत्या ओढ्याच्या काठी बसवून दिला की रात्रंदिवस टक्-टक् करत तो पाणी वर फेकत राहतो. इंग्रजीत त्याला हायड्रॉलिक रॅम म्हणतात. ‘रॅम’ म्हणजे एडका. मूळ फ्रेंच नावाचा अर्थही तोच. एडक्याने मागे सरून धडक द्यावी तसे या यंत्रात पाणीच पाण्याला धडक देते. हिंदीभाषक डोंगराळ प्रदेशात ‘हायड्रम’ हे नाव रुळले आहे. या लेखात मीही तेच वापरतो.

उताराचे पाणी, उचलीचे पाणी

माणसाने बागेला पाणी देण्याच्या दोन रीती पहिल्यापासून चालवल्या. एक उताराची. झऱ्याचे किंवा नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवायचे आणि पाट काढून खाली न्यायचे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याच रीतीची. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पोफळीच्या बागा, कुळागरे, डोंगरातून येणाऱ्या पाटाच्या पाण्यावर पोसलेली. येथे बाहेरची शक्ती काहीच लागत नाही. लागते ती पाळी सांभाळणारी माणसे.

दुसरी रीत उचलीची. पाणी खाली आणि जमीन वर असेल तर मोट, रहाट, लाट. मोटेला बैल, रहाटाला बैल किंवा माणूस, लाटेला माणूस. शक्ती कोणाची तरी खर्च व्हायचीच. याला एक जुना अपवाद आहे तो नदीतल्या चाकांचा. सीरियातील हमा गावी ओरोंतेस नदीवर प्रचंड लाकडी चाके आहेत. नदीचा प्रवाहच ती फिरवतो आणि चाकाच्या कडेचे कप्पे पाणी भरून वरच्या दगडी पाटात ओततात. सर्वांत मोठे चाक सुमारे 20 मीटर उंच आहे. पाण्याच्या बळावर पाणी चढवण्याची कल्पना अशी शेकडो वर्षे जुनी. पण पाणी जितके चढवायचे तितके उंच चाक हवे, ही तिची मर्यादा. दहा पुरुष उंचीवर पाणी हवे तर दहा पुरुष उंचीचे चाक. ते परवडणार राजाला किंवा नगराला. दोन-चार गुंठ्यांच्या बागवानाला नव्हे.

हायड्रमने हे कोडे सोडवले. यंत्राचा आकार आणि पाण्याची चढ यांचा संबंधच त्याने तोडला. हे कसे घडले, ही कथा एका स्वयंपाकघराच्या तोटीपासून सुरू होते.

घड्याळजीची तोटी

जॉन व्हाइटहर्स्ट (1713-1788) हा इंग्लंडमधल्या डर्बी गावचा घड्याळजी. विद्यापीठाशी त्याचा संबंध नव्हता. घड्याळे करता करता तो हवामापक यंत्रे करू लागला, खाणीतले दगड पाहता पाहता भूगर्भशास्त्राकडे वळला आणि 1778 मध्ये पृथ्वीच्या घडणीवर त्याने एक ग्रंथही लिहिला. बर्मिंगहॅमच्या ‘ल्यूनर सोसायटी’ या मित्रमंडळात तो होता. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट, त्याचा भागीदार कारखानदार मॅथ्यू बोल्टन, वैद्य इरॅस्मस डार्विन हे त्याच मंडळातले. बोल्टनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

चेशायर परगण्यातल्या औल्टन येथे एका जमीनदाराच्या वाड्यात व्हाइटहर्स्टने 1772 मध्ये एक यंत्र बसवले. वाड्याच्या स्वयंपाकघराला वरच्या झऱ्याचे पाणी लांबलचक नळाने येत होते. नळ लांब असला आणि खालची तोटी एकदम बंद केली की काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकले असेल : भिंतीतला पाइप धप्पकन वाजतो. नळात वेगाने येणारे पाणी अचानक अडते आणि मागच्या सगळ्या पाण्याचा रेटा तोटीपाशी येऊन आदळतो. याला पाण्याचा हातोडा म्हणतात. हा मार इतका असतो की कमकुवत नळ फुटतो.

नळ फोडणारी ही शक्ती व्हाइटहर्स्टने कामाला लावली. तोटीच्या अलीकडे त्याने नळाला एक फाटा काढला, त्यावर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली, झडपेपुढे हवेने भरलेले एक भांडे ठेवले आणि तेथून नळी वर नेली. स्वयंपाकघरात तोटी उघडून बंद केली की प्रत्येक वेळी धक्का बसायचा, फाट्याची झडप उघडायची आणि थोडे पाणी वरच्या टाकीत जायचे. ही टाकी वाड्यातल्या बिअर गाळण्याच्या जागेसाठी होती. पाणी सुमारे 16 फूट चढत असे. यंत्रासाठी वेगळी मेहनत करावी लागत नव्हती. स्वयंपाकघरात दिवसभर भांडी घासली जात, भाजी धुतली जाई, तोटी उघडली-मिटली जाई, त्यातच टाकी भरे.

या यंत्राचा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’मध्ये 1775 साली छापला गेला. तो जेमतेम तीन पानांचा आहे आणि बेंजामिन फ्रँकलिन यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. तो वाचताना मला एक गोष्ट जाणवली. यंत्र चालवणारी माणसे, म्हणजे त्या स्वयंपाकघरातले नोकर, वृत्तांतात जवळजवळ दिसत नाहीत. दिसते ती तोटी. पण टाकी भरत होती त्यांच्याच हातांनी. ज्याला ‘आपोआप’ म्हणतात त्यात कोणाचा तरी हात लपलेला असतो, याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

कागदवाल्याची झडप

हा हात काढून टाकला जोझेफ मिशेल मोंगोल्फिए (1740-1810) या फ्रेंच माणसाने. मोंगोल्फिए बंधूंचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते ते गरम हवेच्या फुग्यामुळे. 1783 मध्ये आनोने गावी त्यांनी तो जाहीरपणे उडवून दाखवला. घराणे कागद बनवणाऱ्यांचे. त्या काळी चिंध्या कुटून त्यांचा लगदा करत आणि त्यापासून कागद होई. या धंद्याला पाणी फार. व्हुआरों येथील आपल्या कागदाच्या गिरणीसाठी पाणी वर चढवायचे म्हणून जोझेफने 1796 मध्ये आपले यंत्र केले आणि त्याला एडक्याचे नाव दिले.

त्याची करामत एका झडपेत आहे. वाचकांनी असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ओढ्यातून एक जाड, सरळ नळ उताराने खाली येतो. त्याच्या टोकाला एक झडप आहे. ती वजनाने खाली पडून उघडी राहते. उघड्या झडपेतून पाणी बाहेर सांडू लागते. सांडता सांडता नळातल्या पाण्याचा वेग वाढतो. वेग पुरेसा वाढला की ते पाणीच झडपेला वर ढकलून बंद करते. म्हणजे तोटी बंद झाली, आणि बंद करणारा हात पाण्याचाच. आता हातोड्याचा मार बसतो. आतली दुसरी झडप उघडते, थोडे पाणी हवेच्या भांड्यात घुसते. भांड्यातली हवा दबते आणि उसळून ते पाणी वर जाणाऱ्या नळीत सारते. मार ओसरतो, दुसरी झडप मिटते, नळातले पाणी क्षणभर उलटे सरते. त्यामुळे टोकाच्या झडपेखालचा दाब कमी होतो आणि ती स्वतःच्या वजनाने पुन्हा खाली पडते. झाले, पाणी पुन्हा सांडू लागते. हे चक्र मिनिटाला पन्नास-साठ वेळा, वर्षानुवर्षे.

यात चमत्कार नाही आणि फुकटही काही नाही. दहा लिटर पाणी दोन मीटर खाली पडले तर त्या बळावर एक लिटर पाणी जास्तीत जास्त वीस मीटर चढेल. प्रत्यक्षात घर्षण, गळती धरून बारा-तेरा मीटर. उरलेले नऊ लिटर खाली सांडतात. बघणाऱ्याला ही नासाडी वाटते. पण ते पाणी ओढ्यातच परत जाते आणि खालच्या माणसाला मिळते. नऊ लिटरांनी आपली पडझड देऊन एकाला वर पाठवले, इतकाच हा व्यवहार.

मोंगोल्फिएच्या वतीने त्याचा मित्र मॅथ्यू बोल्टन याने 1797 मध्ये इंग्लंडात पेटंट घेतले. हाच तो ल्यूनर सोसायटीतला बोल्टन, व्हाइटहर्स्टचा स्नेही. व्हाइटहर्स्टला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. पुढे इंग्रजांनी हा शोध आपला म्हणायला सुरुवात केली तेव्हा मोंगोल्फिएने छापील उत्तर दिले : हा शोध फ्रान्सचा आहे, मी एकटा त्याचा कर्ता आहे, मला कोणी सुचवलेले नाही, उलट माझी रेखाचित्रेच माझ्या संमतीने वॉट आणि बोल्टन यांच्याकडे गेली होती.

या वादात मला निकाल देण्यात रस नाही, पण दोघांनी नेमके काय शोधले ते वेगळे करून पाहावे असे वाटते. धक्क्याने पाणी चढते, हे व्हाइटहर्स्टने चोवीस वर्षे आधी दाखवले आणि छापलेही. धक्का आपला आपण पुन्हा निर्माण होईल, हे मोंगोल्फिएने साधले. पहिले तत्त्व होते, दुसरे यंत्र. आणि दोघांनाही आपण वापरतो त्या शक्तीचा हिशेब माहीत नव्हता. बर्लिनच्या योहान आयटेलवाइनने हायड्रमवर पद्धतशीर प्रयोग करून 1805 मध्ये ते प्रसिद्ध केले. पण हातोड्याच्या माराचे नीट गणित निकोलाय झुकोव्स्कीने मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून मांडले ते 1898 मध्ये, म्हणजे यंत्रानंतर शंभर वर्षांनी. त्या गणिताप्रमाणे लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी एकदम अडवले तर सुमारे शंभर मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब क्षणभर तयार होतो. घड्याळजी आणि कागदवाला हे दोघेही गणिताच्या आधी हाताने तेथे पोहोचले होते. विज्ञान पुढे आणि यंत्र मागे असा क्रम आपण शाळेत शिकतो. येथे तो नेमका उलटा आहे.

वाड्यांपासून वाफ्यांपर्यंत

पुढची एक अडचण बारीक पण जीवघेणी होती. भांड्यातली हवा दाबाखाली हळूहळू पाण्यात विरघळून जाते. हवा संपली की उसळी संपते आणि धक्के थेट नळावर बसतात. उपाय असा निघाला की झडपेजवळ एक सूक्ष्म छिद्र ठेवायचे. दर ठोक्याच्या उलट्या सरकीत त्यातून हवेचा एक घोट आत ओढला जातो. मोंगोल्फिएच्या मुलांनी सुधारलेल्या यंत्राचे पेटंट 1816 मध्ये इंग्लंडात मिळवले. 1820 मध्ये ते हक्क जोसाया ईस्टन या इंजिनिअरने घेतले आणि त्याच्या घराण्याने हायड्रमचा मोठा धंदा उभारला. ॲक्रिंग्टनच्या जॉन ब्लेक यांच्या कारखान्याचे हायड्रमही प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या टेकडीवरच्या अनेक वाड्यांना, त्यांच्या बागांना आणि गोठ्यांना दरीतल्या ओढ्याचे पाणी असेच मिळत होते.

तळाच्या माणसाच्या जमिनीचा इतिहास मात्र वेगळा आहे. इंग्लंडात गावठाणाच्या सामाईक जमिनींना कुंपणे पडली आणि मजूर भूमिहीन झाला. त्याला भाजीपाला पिकवायला भाड्याने तुकडा मिळावा म्हणून 1887 आणि 1908 मध्ये कायदे झाले. या तुकड्यांना अलॉटमेंट म्हणतात. रूढ माप दहा चौरस रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. या वाफ्यांवर सहसा वीज नसते. पावसाचे पाणी पिंपात साठवायचे आणि झारीने घालायचे, हीच तेथली रीत. ओढा जवळ असला तर आजही एखादा हौशी माणूस हायड्रम जोडतो. वाड्यांसाठी वाढलेले यंत्र अडीच गुंठ्यांपर्यंत उतरायला शंभर वर्षे लागली आणि तोपर्यंत गावोगावी वीज पोहोचून त्याची मागणीच ओसरली होती.

त्याला दुसरा जन्म मिळाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अर्थतज्ज्ञ शूमाखर यांनी 1966 मध्ये स्थापन केलेल्या मध्यम तंत्रज्ञानाच्या गटाने 1975 मध्ये हायड्रम घरगुती साधनांनी कसा करावा याची पुस्तिका काढली. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावर आउके इड्झेंगा या डच इंजिनिअरने स्थानिक संस्थेबरोबर डोंगरावरच्या शेकडो पाड्यांपर्यंत पाणी नेले. त्यांच्या पंपाच्या झडपेत दाराच्या साध्या बिजागऱ्या असतात. बिघडली तर बाजारातून आणून बसवता येते. या कामाला 2007 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्या देशात हायड्रम दिसतो तो उत्तराखंडात. तेथील लघुसिंचन खात्याच्या कामांत गूल म्हणजे पाट, हौज आणि हायड्रम ही तिन्ही नावे एका ओळीत येतात.

मग आपल्याकडे का नाही?

या प्रश्नापाशी मी बराच काळ अडलो होतो. ‘आपले लोक नवे घेत नाहीत’ हे तयार उत्तर मला पटत नाही. याच महाराष्ट्रात लोखंडी नांगर आला आणि शेतकऱ्याने घेतला. तेलाचे इंजिन आले, विजेचा पंप आला, ठिबक आले, तेही घेतले. किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली आणि पुढे पंपांसाठी घरोघर ठाऊक झाली. म्हणजे खोट स्वभावात नाही, ती भूगोलात शोधली पाहिजे.

दख्खनचे बागायत विहिरीवर उभे राहिले. विहिरीचे पाणी उभे असते आणि खोल असते. त्याला उतार नाही, म्हणून धाव नाही. धाव नाही म्हणून धडक नाही. तेथे एडका मुळातच निरुपयोगी. मोटेची जागा इंजिनाने आणि इंजिनाची विजेच्या पंपाने घेतली, यात हायड्रमला शिरायला फटच नव्हती.

राहिली सह्याद्रीची कूस. तेथे ओढे आहेत, उतार आहे, वर बाग आहे. एका स्नेह्याच्या बागेखाली, ओढ्याच्या काठी, बाजारातल्या सामानातून मी एक हायड्रम जोडून पाहिला. दोन इंची नळ, पितळी झडपा, हवेच्या भांड्याच्या जागी चार इंची पीव्हीसी पाइपचा बंद तुकडा. पडझड दोन मीटर, चढ बारा मीटर. मिनिटाला तीस लिटर आत जात आणि अडीच लिटर वर. अडीच लिटर म्हणजे ग्लासभर पाण्याची धार, पाहणारे हसतात. पण ती धार झोपत नाही. चोवीस तासांत 3,600 लिटर होतात. पोफळीला रोजचे वीस लिटर धरले तर 180 झाडांचे पाणी. कार्तिकापासून पौषापर्यंत तो ठोके देत राहिला. माघात ओढा बारीक झाला, ठोके अडखळले आणि फाल्गुनात थांबले.

इतिहासाच्या पुस्तकांत न सापडलेले उत्तर तेथे मिळाले. बागेला पाण्याची खरी निकड फाल्गुन ते वैशाख. आपला ओढा नेमका तेव्हाच आटतो. इंग्लंडात पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो; हिमालयाच्या कुशीत झरे उन्हाळ्यातही वाहतात. आपल्याकडे चार महिन्यांत सगळे धो-धो पडून काळ्या कातळावरून वाहून जाते. बारमाही ओढा हे हायड्रमचे खरे इंधन आहे आणि सह्याद्रीत ते इंधन दुर्मीळ आहे. दुर्मीळ, पण शून्य नाही. जांभ्याच्या पायथ्याचे काही झरे वैशाखातही टिकतात. कुळागरे त्यांच्यावरच जगली. सातपुड्यात अक्राणीच्या बाजूला डोंगरकड्यावर शेत आणि खाली पाणी अशी रचना आहे. धरणांच्या कालव्यांवर पाणी पायरीने खाली उतरवण्यासाठी बांधलेले धबधबे आहेत. आवर्तन सुरू असेल तितके दिवस तेथे पडझड आणि प्रवाह दोन्ही हाताशी असतात.

हायड्रमने महाराष्ट्राचा पाणीप्रश्न सुटेल, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सौरपंप आले आहेत आणि रात्रीच्या फेऱ्या त्यांनी काही जणांच्या तरी कमी केल्या आहेत. विहिरीवर ते हायड्रमपेक्षा निःसंशय उपयोगी. पण या यंत्राच्या सव्वादोनशे वर्षांनी एक कसोटी माझ्या हाती दिली आहे, ती मला मोलाची वाटते. ‘स्वयंचलित’ म्हणून जे आपल्यापुढे येईल ते कोणाच्या बळावर चालते, हे आधी विचारावे. औल्टनचे यंत्र नोकरांच्या हातावर चालत होते. मोंगोल्फिएचे ओढ्यावर. आपला ऑटो स्टार्टर वीज कंपनीच्या वेळापत्रकावर चालतो आणि वेळापत्रक चुकले की त्या स्वयंचलित यंत्राला चालवायला माणूसच रात्री उठतो. ओढ्यावर अवलंबून राहणाऱ्याला निदान ओढा दिसतो तरी. तो कधी आटणार हे त्याला कळते.

हे सारे वाचून कोणाला करून पाहावेसे वाटले, तर पंप विकत घेण्याची घाई करू नये. आधी वैशाखात ओढ्यावर जावे. पाणी एका जागी अडवून पन्हळीतून वीस लिटरच्या बादलीत सोडावे आणि बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन वरच्या आणि खालच्या जागेतला उतार मोजावा. चाळीस सेकंदांच्या आत बादली भरली आणि उतार दीड-दोन मीटर निघाला, तर तेथे एडका चालेल. न भरली, तर त्या ओढ्यावर आधी पाणी मुरवण्याचे काम करायला हवे. यंत्राचा विचार त्यानंतर.